वाचक विचारतात : निमंत्रणावर ‘ब्लॅक टाय’ लिहिलंय, मग घालायचं काय?

पुरुषांच्या औपचारिक पोशाखाबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

पत्रिकेवर ‘ब्लॅक टाय’ एवढंच छापलंय. माझ्याकडे चांगला काळा सूट आहे, काळा टायही आहे. एवढ्यावर भागेल का?

भागणार नाही. गोंधळ नावामुळे होतो. ‘ब्लॅक टाय’ म्हणजे गळ्यातला लांब काळा टाय नव्हे. काळा बो टाय आणि त्याच्यासोबत येणारा अख्खा संच, असा त्याचा अर्थ : डिनर जॅकेट, त्याच कापडाची पँट, पांढरा खास शर्ट, कंबर झाकणारं काहीतरी आणि काळे चकचकीत बूट.

तुमचा सूट आणि डिनर जॅकेट शेजारी शेजारी टांगून पाहा. डिनर जॅकेटच्या लॅपलवर, म्हणजे छातीवर उलटलेल्या पट्टीवर, रेशमी कापड चढवलेलं असतं, गुळगुळीत सॅटिन किंवा बारीक रेघांचं ग्रोग्रेन. बटणं त्याच रेशमानं मढवलेली. खिशांना वरची झापड नाही, फक्त बारीक पट्टीची चीर. पँटच्या बाहेरच्या शिवणीवर वरपासून खालपर्यंत एक रेशमी पट्टी. कमरेला पट्ट्याची घरं नाहीत, खाली उलटी दुमड नाही. या सगळ्यामागचं सूत्र एकच : दिवसभराच्या कामाच्या खुणा, म्हणजे बक्कल, झापडा, उघडी बटणं, शिवणी, नजरेआड करायच्या आणि काळं-पांढरं तेवढं ठेवायचं. संध्याकाळच्या दिव्यात लोकर प्रकाश शोषते आणि रेशीम तो परत फेकतं. पोशाखाचं सौंदर्य या फरकात आहे. साध्या सुटात तो फरकच नसल्यामुळे त्यावर बो टाय बांधला की माणूस पाहुणा न दिसता वाढपी दिसतो.

पत्रिकेवर ‘ब्लॅक टाय ऑप्शनल’ असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तुमचा काळा किंवा गडद निळा सूट, पांढरा शर्ट, गडद रंगाचा साधा लांब टाय आणि काळे बंदाचे बूट चालतील. बो टाय मात्र नको. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं करण्यापेक्षा नीट सूट घातलेला बरा.

डिनर जॅकेट आणि टक्सिडो यात फरक काय?

काही नाही. पहिलं नाव ब्रिटिश, दुसरं अमेरिकन. लंडनच्या सॅव्हिल रो या रस्त्यावरच्या हेन्री पूल या शिवणघराच्या वहीत १८६५ साली प्रिन्स ऑफ वेल्ससाठी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डसाठी, राजघराण्याच्या सँड्रिंगहॅम या घरातल्या खासगी जेवणावळीत घालायला शिवलेल्या आखूड कोटाची नोंद आहे. गंमत म्हणजे तो काळा नव्हता, निळा होता. अमेरिकेत हा कोट न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क या वसाहतीतून १८८६ च्या सुमारास पुढे आला आणि वसाहतीचं नाव कोटाला चिकटलं. तेव्हा लांब शेपटीच्या कोटापुढे हा प्रकार घरगुती आणि ऐसपैस समजला जाई. आज तोच सर्वांत औपचारिक वाटतो, हा काळाचा महिमा.

लॅपल शॉल घ्यावं, पीक की नॉच? दुकानात तिन्ही प्रकार दिसतात.

पीक, म्हणजे टोकं खांद्याकडे वर गेलेलं, किंवा शॉल, म्हणजे कुठेही खाच नसलेलं गोलाई घेत उतरणारं. दोन्ही बरोबर. पीकमुळे छाती भरलेली आणि खांदे रुंद वाटतात, म्हणून किरकोळ अंगकाठीला ते शोभतं. शॉल सौम्य दिसतं; चेहरा आणि अंग दोन्ही गोल असतील तर मात्र ती गोलाई आणखी उठून दिसते. नॉच म्हणजे ऑफिसच्या सुटाचं खाचेचं लॅपल. त्यावर सॅटिन चढवलं म्हणून ते डिनर जॅकेट होत नाही. उत्पादकाला सुटाचाच साचा वापरता येतो, म्हणून ते बाजारात इतकं दिसतं. भाड्यानं घेताना दुसरं काहीच मिळालं नाही तर घ्या, पण शिवून घेत असाल तर त्यात पैसे घालू नका.

समोर एकच बटण असावं. दोन बटणांचं जॅकेट परत सुटाकडे झुकतं. डबल ब्रेस्टेड, म्हणजे पुढचे पल्ले एकमेकांवर चढणारं, असेल तर पीक किंवा शॉल, आणि ते बसतानासुद्धा बंदच ठेवायचं.

कमरबंद घालावा की वेस्टकोट? आणि पँटला पट्टा लावला तर बिघडतं कुठे?

पट्ट्याचं आधी. बक्कल लावलं की पोटापाशी धातूचा चौकोन आणि चामड्याचा फुगवटा येतो. त्यावर कमरबंद बांधला तर तो नीट बसत नाही. न बांधला तर बक्कल चमकतं. म्हणून या पँटला बाजूला घट्ट-सैल करायच्या पट्ट्या असतात, किंवा आत बटणं लावून गॅलिस, म्हणजे खांद्यावरून जाणारे पट्टे, अडकवतात : पुढे दोन्हीकडे दोन-दोन, मागे मध्यशिवणीच्या दोन्ही अंगांना एकेक. चिमट्याचे गॅलिस टाळा. चिमटा कापड कुरतडतो आणि नेमका वाकताना सुटतो.

पँट बेंबीच्या पातळीवर बसली पाहिजे. आजकालच्या पँटी कुल्ह्यावर उतरतात आणि मग जॅकेटच्या बटणाखाली शर्टाचा पांढरा त्रिकोण डोकावतो. फोटोत सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. जॅकेट कितीही महागाचं असो, हा त्रिकोण सगळी रेषा मधोमध कापतो.

तो झाकायला कमरबंद किंवा वेस्टकोट. कमरबंद हा शब्द आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. हिंदुस्थानातल्या उकाड्यात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी वेस्टकोटाऐवजी तो उचलला आणि नावासकट घेऊन गेले. बांधताना चुण्यांची तोंडं वर हवीत. नाटकाची तिकिटं खोचायला ही पद्धत पडली असं सांगतात. तिकिटं असोत-नसोत, उलटा बांधलेला कमरबंद जाणकाराच्या लगेच नजरेत येतो. त्याचा खालचा काठ पँटच्या कमरपट्टीवर पुरता आला पाहिजे. सबंध कमरबंद बरगड्यांवर चढला असेल तर तो सैल आहे किंवा पँट खाली घसरली आहे.

वेस्टकोट घेतलात तर तो खोल गळ्याचा हवा, म्हणजे शर्टाची पुढची बाजू दिसते. तीन तुकड्यांच्या सुटाचा उंच गळ्याचा वेस्टकोट इथे चालत नाही. दोन्ही एकत्र कधीच नाही. आणि डबल ब्रेस्टेड जॅकेटखाली दोन्हींची गरज नाही, कारण ते उघडतच नाही.

रंग काळाच. लालभडक कमरबंद आणि त्याच रंगाचा बो टाय अशी जोडी पाकिटात मिळते. ती पाकिटातच राहू द्या.

बो टाय स्वतः बांधायला शिकायचा आहे. चार व्हिडिओ पाहिले, शेवटच्या पायरीला हात अडकतो.

सगळ्यांचा तिथेच अडकतो. पहिल्यांदा गळ्यात नको, मांडीवर बांधून पाहा : बसलात की गुडघ्याच्या वर मांडीचा घेर साधारण गळ्याएवढा भरतो आणि दोन्ही हात डोळ्यांसमोर राहतात.

आधी माप. टायच्या पट्टीवर कॉलरचे आकडे आणि सरकता आकडा असतो. तो शर्टाच्या कॉलरच्या मापावर लावा. बांधून झाल्यावर टाय फार रुंद आला तर अर्धा इंच कमी करा. तयार टायची दोन टोकं डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांच्या सरळ रेषेत यावीत. गालांच्या बाहेर गेली तर विदूषकी दिसतात. फुलपाखरी आकाराचा टाय रुंद भागात सहा-साडेसहा सेंटिमीटर उंच असतो, सरळ पट्टीचा चार-पाच. रुंद लॅपलला पहिला, अरुंदाला दुसरा. कापड लॅपलसारखंच : सॅटिनला सॅटिन, ग्रोग्रेनला ग्रोग्रेन.

आता बांधणी. कॉलर उभी करा, टाय गळ्यात टाका, डावं टोक उजव्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटर खाली ठेवा. लांब टोक आखूडावरून पलीकडे न्या, खालून गळ्याशी वर काढा आणि ओढा. ही पहिली गाठ घट्ट हवी. इथे ढिलाई ठेवलीत तर पुढे काहीही केलं तरी टाय लोंबतो. लांब टोक क्षणभर खांद्यावर टाका. आखूड टोक त्याच्या रुंद भागापाशी दुमडून आडवं धरा. पुढून दिसणारा बो तयार झाला : एका बाजूला घडी, दुसऱ्या बाजूला मोकळं टोक. खांद्यावरचं लांब टोक या बोच्या बरोबर मध्यावरून खाली सोडा.

आता ती अवघड पायरी. पुढचा बो दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून किंचित पुढे ओढा. त्याच्यामागे, पहिल्या गाठीसमोर, एक छोटी फट दिसेल. दिसत नसेल तर बोटानं चाचपा, ती असतेच. लोक लांब टोकाचं शेवट त्या फटीत घुसवतात आणि सगळं विस्कटतं. टोक घुसवायचं नाही. लांब पट्टी रुंद भागात दुमडून तिची घडी करायची आणि ती घडी तर्जनीनं फटीतून ढकलायची. पुढच्या बोची घडी ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूला ती बाहेर यावी, म्हणजे दोन्हीकडे एक घडी आणि एक मोकळं टोक असं वाटप होतं.

घट्ट करायला दोन्ही घड्या दोन दिशांना ओढा. मोकळी टोकं ओढलीत तर टाय सुटेल. रात्री काढायची पद्धत तीच. थोडा वाकडा राहिला तर राहू द्या. मोजूनमापून समान असलेला बो शिवलेलाच वाटतो.

शर्ट कोणता? पंखांसारख्या उभ्या कॉलरचा छान दिसतो असं दुकानदार सांगतो.

ती कॉलर मुळात व्हाइट टायची, म्हणजे याच्याही वरच्या औपचारिक पोशाखाची (पुढे पाहा). तिथे ती वेगळी, कडक, चांगली उंच असते आणि शर्टाला स्टडनं, म्हणजे सुट्या बटणानं, जोडतात. शर्टालाच शिवलेली मिळते ती बुटकी आणि मऊ. बो टायचा पट्टा मागे सगळा उघडा पडतो आणि पंख टायच्या पुढे येतात. नेहमीची खाली दुमडणारी कॉलर घ्या.

पुढच्या बाजूला दोन पर्याय : उभ्या चुण्या, किंवा मार्सेला नावाच्या जाड, ठिपकेदार विणीच्या सुती कापडाचा पट्टा. मार्सेला असेल तर कॉलर आणि कफही त्याच कापडाचे हवेत. हा पट्टा पँटच्या कमरेच्या वर संपतो की नाही ते बसून तपासा. लांब असला तर बसताच छातीवर फुग्यासारखा उठतो.

बटणांऐवजी स्टड, तीन किंवा चार. आधी कॉलरचं बटण लावा, मग वरून खाली स्टड घाला. घालताना बेसिनवर टॉवेल पसरा. कफ दुहेरी. आधी मागे दुमडा, चारही काजं एका रेषेत आणा, मग दोन्ही कडा आतून आतून भिडवून कफलिंक घाला. कडा एकमेकींवर चढवायच्या नाहीत. तो साध्या बटणाच्या कफाचा प्रकार. कफलिंकची शोभेची बाजू हात खाली सोडल्यावर बाहेर दिसली पाहिजे. स्टड आणि कफलिंक एकाच धातूचे असले की झालं.

जॅकेट भाड्यानं घेणार आहे. ट्रायलच्या वेळी नेमकं काय तपासू?

तिथे जाताना तोच शर्ट आणि तेच बूट न्या. टी-शर्टावर घेतलेली ट्रायल फुकट जाते.

पहिल्यांदा खांदे. शिवण तुमच्या खांद्याचं हाड संपतं तिथेच संपली पाहिजे. पुढे गेली तर बाहीच्या माथ्याशी खळगा पडतो, आत राहिली तर दंडाचा फुगवटा दिसतो. खांदा दुरुस्त होत नाही, दुसरं माप मागा. मग पाठमोरे उभे राहून फोटो काढून घ्या : जॅकेटची कॉलर शर्टाच्या कॉलरला चिकटून हवी आणि शर्टाची साधारण एक-दीड सेंटिमीटर पट्टी वर दिसावी. मध्ये फट असेल तर ते जॅकेट तुमच्या पाठीच्या ठेवणीचं नाही.

बटण लावा. त्याभोवती फुलीसारख्या सुरकुत्या ओढल्या गेल्या तर कमरेला घट्ट आहे. कमर एक-दोन इंच आत घेता येते. सोडायला मात्र आत कापड शिल्लक असावं लागतं, आणि भाड्याच्या जॅकेटात ते आधीच कुणीतरी वापरलेलं असतं. बाही मनगटाच्या हाडाशी संपावी, पुढे कफ एक ते दीड सेंटिमीटर दिसावा. भाड्याच्या पोशाखात बाही बहुधा लांबच असते. आणि पांढरी कड झाकली की सगळा पोशाख उसना वाटतो. तेवढ्यासाठी बाही आत टाके घालून घेण्याचा आग्रह धरा. दहा मिनिटांचं काम आहे.

पँट बुटावर जेमतेम टेकावी. खाली कापडाचे ढीग जमले तर रेशमी पट्टी वाकडीतिकडी दिसते. शेवटी लॅपलवर तिरका प्रकाश पाडून बघा : सॅटिनवर निघालेले धागे, इस्त्रीचे पिवळे डाग, आतला गोंद सुटून आलेले फुगे. हे दुकानातच दाखवा, नाहीतर परत करताना तुमच्या नावावर.

बूट पेटंटचेच, म्हणजे चकचकीत लेपाच्या चामड्याचेच, हवेत का? माझ्याकडे काळे, बंदाचे ऑक्सफर्ड आहेत.

टोकाला शिवण नसलेले साधे ऑक्सफर्ड असतील तर आरशासारखी पॉलिश करून घाला. मेण फक्त टोकावर आणि टाचेवर थरांनी चढवा, पायाच्या वाकणीवर नको. तिथे चालताना ते तडकून पांढऱ्या रेघा दिसतात. पेटंट असतील तर मेण लावूच नका, किंचित ओल्या मऊ कापडानं पुसा. ठेवताना वेगळ्या कापडी पिशवीत ठेवा. शेजारच्या बुटाचा किंवा छापील कागदाचा रंग पेटंटवर उतरला तर निघत नाही. नक्षीदार भोकांचे बूट आणि लोफर बाद. मोजे काळे, पातळ, पोटरी झाकणारे. बसल्यावर नडगी दिसली की सगळी मेहनत वाया.

काळ्याऐवजी गडद निळा चालेल? आणि पांढरं जॅकेट?

मिडनाइट ब्लू नुसता चालतो असं नाही, अनेकदा काळ्यापेक्षा सरस ठरतो. दिव्याच्या उजेडात काळी लोकर किंचित हिरवट-राखाडी भासते, मिडनाइट ब्लू मात्र काळ्याहून काळा दिसतो. ड्यूक ऑफ विंडसरनं, म्हणजे ब्रिटनच्या आठव्या एडवर्डनं, तो लोकप्रिय केला. रंग इतका गडद हवा की उन्हात नेल्याशिवाय निळा असल्याचं कळू नये. शाईचा निळा किंवा मोरपंखी नको. लॅपल काळ्या रेशमाचं चालतं.

पांढरं जॅकेट उष्ण हवेसाठी आणि उघड्यावरच्या संध्याकाळसाठी. खरं तर ते पांढरं नसतं, हस्तिदंती असतं. पांढऱ्या शर्टाशेजारी पांढरंशुभ्र जॅकेट शर्टालाच मळकट ठरवतं. लॅपल जॅकेटच्याच कापडाचं, रेशीम नाही. पँट मात्र काळीच, पट्टीसकट. बाकी काही बदलत नाही.

दुपारच्या समारंभाला ब्लॅक टाय?

नाही. संध्याकाळी सहानंतर. दिवसाचा औपचारिक पोशाख म्हणजे मॉर्निंग कोट, हा मागे लांब असलेला कोट, आणि तो नसेल तर सरळ गडद सूट.

‘व्हाइट टाय’ म्हणजे फक्त टायचा रंग बदलायचा का?

तसं असतं तर बरं झालं असतं. व्हाइट टाय ही वरची पायरी आहे : मागे शेपट्या असलेला, पुढे कमरेशी कापलेला काळा टेलकोट, जो कधीच बंद करत नाहीत; मार्सेलाचा पांढरा वेस्टकोट आणि पांढरा बो टाय; कडक छातीचा शर्ट, सुटी पंखांची कॉलर; पँटला एकाऐवजी दोन पट्ट्या. १० डिसेंबरला स्टॉकहोममध्ये होणाऱ्या नोबेल समारंभात पुरुषांना हाच पोशाख असतो, किंवा त्याऐवजी स्वतःच्या देशाचा राष्ट्रीय पोशाख.

इथली चूक ठरलेली आहे : कोटाच्या पुढच्या टोकांखाली पांढरा वेस्टकोट लोंबतो. वेस्टकोट कोटाच्या आत संपला पाहिजे, आणि त्यासाठी पँट खूप उंच, गॅलिसवर हवी. हे तिन्ही तुकडे एकमेकांना मापून शिवावे लागतात, म्हणून सुटे सुटे गोळा केलेले क्वचितच जमतात.

घड्याळ, खिशातला रुमाल, फूल?

रुमाल पांढरा, तागाचा, कड सरळ किंवा टोकं सैल. घड्याळ नसलेलं उत्तम. घालायचंच तर पातळ, काळ्या चामडी पट्ट्याचं. कफाखाली न सरकणारं जाड स्टीलचं घड्याळ घरी ठेवा. फूल एकच, पांढरं किंवा लाल कार्नेशन, लॅपलच्या काजातून घालून देठ मागच्या दोऱ्याच्या फाशात अडकवायचा. फोन जॅकेटच्या बाहेरच्या खिशात नको, तिथली रेशमी चीर ताणून कायमची उघडी पडते.

समारंभानंतर लगेच ड्रायक्लीनला टाकायचं का?

डाग नसेल तर नाही. रुंद खांद्याच्या हँगरवर रात्रभर हवेशीर टांगा, दुसऱ्या दिवशी मऊ ब्रशनं वरून खाली झाडा. टाकायची वेळ आली तर जॅकेट आणि पँट एकत्रच टाका; एकच वारंवार धुतलं की दोन काळे रंग वेगवेगळे होतात. रेशमावर थेट इस्त्री नाही, मध्ये सुती कापड. शॉल लॅपलची वळणाची गोलाई दाबून सपाट करू नका असं लाँड्रीवाल्याला बजावून सांगा. एकदा धारदार घडी बसली की ती परत गोल होत नाही.

जेवताना किंवा नाचताना जॅकेट काढलेलं चालतं का?

बसताना एक बटणाचं जॅकेट उघडा, उठताना लावा. काढायचं मात्र नाही. आत गॅलिसचे पट्टे आणि कमरबंदाचं मागचं इलॅस्टिक असतं, आणि ते लपवण्यासाठीच तर एवढा खटाटोप केलेला असतो. फारच उकडत असेल तर पुढच्या वेळी पातळ लोकरीचं, पाठीत अर्धंच अस्तर असलेलं जॅकेट निवडा.